जपानचा रेल्वे पास घ्यायचा का? विश्रामबागच्या आमच्या सोसायटी ग्रुपवर

तेजस्विनी, बी-४०३ (रात्री ८:०५)
नमस्कार मंडळी 🙏 एक विचारायचं होतं. एप्रिलमध्ये आम्ही तिघं जपानला चाललोय. एजंट म्हणतोय, सात दिवसांचा रेल्वे पास इथूनच घेऊन जा, तिकडं सुटी तिकिटं फार महाग पडतात. उद्या दुपारपर्यंत पैसे भरा म्हणतोय. कुणी हा पास वापरलाय का?

विनायक, ए-१०२ (८:११)
घेऊन टाका वहिनी. माझ्या मेव्हण्यानं २०१९ ला घेतला होता. टोकियो-क्योटो जाऊन-येऊनच जवळजवळ वसूल झाला म्हणत होता. वरचा सगळा प्रवास फुकटात.

सुरेखा काकू, बी-२०१ (८:१४)
तेजू, उद्या पैसे भरू नकोस गं. जेवणं उरकते आणि सविस्तर लिहिते.

सचिव (८:२०)
उद्या सकाळी १० ते १ वरची टाकी धुवायची आहे. पाणी भरून ठेवावे.

सुरेखा काकू, बी-२०१ (९:०२)
हं, आता सांगते. विनायक, तुझा मेव्हणा खरं बोलला, पण ते तेव्हाचं. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांनी दर वाढवले. सात दिवसांचा साधा पास आधी २९,६५० येन होता, तो एकदम ५०,००० झाला. चौदा दिवसांचा ४७,२५० होता, तो ८०,०००. आम्ही गेलो २०२४ च्या नोव्हेंबरात, आणि आम्हाला ही वाढ कुणी सांगितली नाही. सगळे जुनंच सांगत होते, पास घ्या, पास घ्या.

आमचा रोहन नागोयात नोकरीला आहे. इथल्या एजंटनं ह्यांचा, माझा आणि रोहनचा असे तिघांचे पास काढून दिले. टोकियो स्टेशनवर पास ताब्यात घ्यायला खिडकीवर गेलो. तिथल्या मुलीनं माझा पासपोर्ट उघडला, एकेक पान उलटत गेली आणि विमानतळावर चिकटवलेल्या छोट्या स्टिकरवर थांबली. त्यावर 'टेम्पररी व्हिजिटर' असं लिहिलेलं असतं. त्या शब्दांखाली बोट धरून तिनं होकाराची मान डोलावली. ह्यांचंही तसंच झालं. मग रोहनचं तिथलं रहिवासी कार्ड बघितलं आणि दोन्ही हात छातीपुढं धरून फुली केली. तिकडं नाही म्हणायची खूण ती. रोहन कामाच्या व्हिसावर तिथं राहतो, तो पर्यटक नाही, त्यामुळं त्याला हा पास चालतच नाही. एजंटला हे माहीत असायला पाहिजे होतं. पैसे परत मिळाले, पण कापून, आणि दोन महिन्यांनी.

तेजस्विनी, बी-४०३ (९:०६)
अरे बापरे. आणि तुमच्या दोघांचा तरी वसूल झाला का काकू?

सुरेखा काकू, बी-२०१ (९:१५)
नाही ना. परत आल्यावर ह्यांनी वहीत मांडलं. विमानतळावरून टोकियो, तिथून नागोया, मध्ये एकदा क्योटोला जाऊन-येऊन, परत टोकियो, परत विमानतळ. सुटी तिकिटं काढली असती तर माणशी चाळीस हजार येनच्या आसपास झाली असती. दोघांचे मिळून वीस हजार येन जास्त गेले. म्हणजे आपले अकरा-बारा हजार रुपये.

आणि पास सुरू केला की सात दिवस सलग पळतात. आम्ही रोहनकडं चार दिवस घरातच होतो. मी त्याला पुरणपोळ्या करून घालत होते आणि पासाचे दिवस संपत होते. बसायचे दिवस आणि फिरायचे दिवस वेगळे काढून मगच बघायचं, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. म्हणून तुला सांगते.

श्रीकांत काका, ए-३०४ (९:२८)
सुरेखाताईंनी नेमकं सांगितलं. मी मिरजेच्या बुकिंगला एकतीस वर्षं काढली. खिडकीवर येणाऱ्याला मी पहिलं विचारायचो, कुठून कुठं आणि कधी. तेवढं कळलं की कुठलं तिकीट स्वस्त हे आपोआप कळतं. तेजस्विनी, तुझा मार्ग तारखांसकट टाक.

तेजस्विनी, बी-४०३ (९:३५)
काका, ४ एप्रिलला टोकियोत उतरतोय. तीन रात्री टोकियो. ७ ला क्योटोला, तिथं तीन रात्री. १० ला ओसाका, दोन रात्री. मध्ये एक दिवस हिरोशिमा करायचंय, ह्यांची फार इच्छा आहे. १२ ला ओसाकाच्या कान्साई विमानतळावरूनच परत. आर्या ९ वर्षांची आहे.

श्रीकांत काका, ए-३०४ (१०:०४)
कागद घेऊन बसलो होतो. आता नीट वाच.

तुम्ही टोकियोत उतरताय आणि ओसाकाहून निघताय, हे फार चांगलं केलंत. टोकियोला परत जायचं भाडंच वाचलं. टोकियो-क्योटो बुलेट ट्रेन साधारण १४,००० येन. क्योटो-ओसाका साध्या गाडीनं सहाशेच्या आत. ओसाका-हिरोशिमा जाऊन-येऊन २१,००० च्या आसपास. कान्साई विमानतळाची गाडी अडीच-तीन हजार. सगळं मिळून ३८-३९ हजार येन. पास ५०,००० चा. म्हणजे सगळी सुटी तिकिटं काढलीत तरी पासापेक्षा स्वस्त.

पण अजून कमी होतं. १९८७ साली जपाननं सरकारी रेल्वेचे तुकडे केले, त्यातून प्रवासी वाहतुकीच्या सहा कंपन्या झाल्या. टोकियो ते शिन-ओसाका (ओसाकाचं बुलेट ट्रेनचं स्टेशन) बुलेट ट्रेन एका कंपनीची, शिन-ओसाकाच्या पुढं हिरोशिमाकडं दुसरीची. आपल्या मिरजेत कसं, पुण्याकडची लाइन मध्य रेल्वेची आणि बेळगावकडं गेलं की दक्षिण पश्चिम रेल्वे, तसंच. ह्या दुसऱ्या कंपनीचा स्वतःचा छोटा पास आहे, कान्साई-हिरोशिमा भागाचा, पाच दिवसांचा, १७,००० येन. क्योटो, ओसाका, हिरोशिमा, विमानतळाची हारुका गाडी, हिरोशिमाजवळच्या मियाजिमाची रेल्वेची बोटसुद्धा त्यात येते.

८ तारखेला सुरू केलास तर ८, ९, १०, ११, १२. तुझे पाचही दिवस बसतात, शेवटच्या दिवशी विमानतळापर्यंत.

एक ध्यानात ठेव. क्योटो ते शिन-ओसाका बुलेट ट्रेनमध्ये तो पास चालत नाही, कारण तो तुकडा पहिल्या कंपनीचा. तिथं साध्या गाडीनंच जा, अर्ध्या तासाचं काम आहे.

तर १४,००० अधिक १७,००० म्हणजे ३१,०००. आर्याचं निम्मं, तिकडं ६ ते ११ वयाला अर्धं लागतं. तुमचे तिघांचे ७७,५०० येन. मोठा पास घेतला असता तर १,२५,०००.

तेजस्विनी, बी-४०३ (१०:०९)
काका 🙏🙏 सत्तेचाळीस हजार येनचा फरक! सव्वीस-सत्तावीस हजार रुपये होतात हो. ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले आत्ताच एजंटला कळव.

विनायक, ए-१०२ (१०:१२)
मी माझं म्हणणं मागे घेतो वहिनी. मला वाढलेल्या दराची कल्पनाच नव्हती. पण काका, मग मोठा पास कुणाला परवडतो?

श्रीकांत काका, ए-३०४ (१०:२१)
ज्याला सात दिवसांत लांब लांब पळायचंय त्याला. टोकियोहून पार क्युशूतल्या हाकाताला एकेरीच २३,००० च्या वर आहे. तिथवर जाऊन परत टोकियोला आला आणि वाटेत दोन-तीन ठिकाणं केली की पास वसूल. पासावर नोझोमी ही सगळ्यात जलद गाडी मात्र अशी चालत नाही, टोकियो-क्योटोला वेगळे ४,९६० येन भरावे लागतात. न भरता हिकारी ह्या दुसऱ्या बुलेट ट्रेननं जायचं, थोडा वेळ जास्त लागतो. आणि टोकियोच्या मेट्रोला हा पास नाहीच, तिथं सुइका, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं कार्ड.

तेजस्विनी, आर्याच्या बॅगेसकट सगळ्या बॅगा टेपनं मोजून घे. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर गेली तर टोकियो-क्योटो बुलेट ट्रेनला बॅगेच्या जागेसकट सीट आरक्षित करावी लागते. आधी केली तर जादा पैसे नाहीत.

सुरेखा काकू, बी-२०१ (१०:२४)
हो, हे खरं आहे. आमच्या मोठ्या बॅगेत रोहनसाठी भडंग, बेदाणे, लोणच्याच्या बरण्या. ती बॅग १६० च्या वरच भरली.

डॉ. मेधा, ए-४०१ (१०:३०)
मंडळी, आम्ही मेमध्ये स्वित्झर्लंडला जातोय. तिकडंही असंच आहे का? स्विस ट्रॅव्हल पास आधीच घेऊन ठेवायचा विचार होता.

श्रीकांत काका, ए-३०४ (१०:४१)
स्वित्झर्लंडचं गणित वेगळं आहे डॉक्टर. तिथं रोज हिंडणाऱ्याला पास बहुधा परवडतो, कारण रेल्वेबरोबर बस, तळ्यातल्या बोटी, शहरातल्या ट्राम सगळं त्यात. २०२५ मध्ये तीन दिवसांचा सेकंड क्लास २४४ फ्रँक होता. तुमची मुलं ६ ते १५ मधली असतील तर फॅमिली कार्ड मागा, आई-बापाबरोबर ती फुकट. पण युंगफ्राउयोखला, म्हणजे बर्फातल्या त्या उंच स्टेशनला, पासावर वरच्या टप्प्यात फक्त २५ टक्के सूट, फुकट नाही. रिगीचा डोंगर मात्र पूर्ण पासात. ग्लेशियर एक्स्प्रेसलाही पास चालतो, पण सीटचं आरक्षण वेगळं भरायचं. आणि हा पास तिथं स्टेशनवरही मिळतो, त्यामुळं एजंटच्या घाईला बळी पडू नका.

युरोपभर फिरायचं असेल आणि फ्रान्स, इटलीत वेगवान गाड्या घ्यायच्या असतील, तर युरेल पासावर प्रत्येक गाडीला आरक्षणाचे वेगळे पैसे जातात. ते धरूनच हिशोब करा.

ब्रिटनचा रेल्वे पास म्हणजे ब्रिटरेल. तो तिथं राहणाऱ्यांसाठी नाहीच. शिकायला गेलेल्या मुलांना भेटायला जाणाऱ्यांनी हे नक्की बघा. आई-वडिलांना मिळतो, मुलाला नाही. मुलाला तिथलं रेलकार्ड, म्हणजे सवलतीचं कार्ड, काढायला सांगा, त्याच्या तिकिटात बहुधा तिसरा हिस्सा सूट मिळते.

डॉ. मेधा, ए-४०१ (१०:४४)
खूप उपयोगी काका. रविवारी आमचा मार्ग घेऊन तुमच्याकडं येते.

सुरेखा काकू, बी-२०१ (१०:४६)
तेजू, आणखी एक. पैसे भरताना कार्डानं भरलेस तर बँक परकीय चलनावर वरून साडेतीन टक्क्यांपर्यंत लावते आणि त्यावर जीएसटी. आमच्या कार्डाला लागलं होतं. कुठल्या कार्डाला कमी लागतं ते बँकेत विचारून घे. आणि नाव पासपोर्टवर आहे तस्संच घाल, आर्याचंसुद्धा.

तेजस्विनी, बी-४०३ (१०:५२)
हो काकू. एजंटला आत्ता मेसेज टाकला, मोठा पास नको म्हणून. काका, टोकियो-क्योटोचं तिकीट कधी काढायचं? तेव्हा साकुराची, म्हणजे चेरीच्या बहराची गर्दी असते म्हणतात.

श्रीकांत काका, ए-३०४ (१०:५८)
बरोबर एक महिना आधी, त्यांच्या सकाळी दहाला विक्री सुरू होते. आपल्याकडं साडेसहा. ७ मार्चला साडेसहाला लॅपटॉप घेऊन आमच्याकडं ये, चहा तयार ठेवतो. जाताना उजव्या बाजूची सीट घेऊ, फुजी पर्वत त्या बाजूला दिसतो. आर्याला खिडकी.