मदत हवी आहे: म्युझिक प्लेअर इजेक्ट केला तरी ‘काढू नका’ असंच दाखवतो

नमस्कार. आईच्या म्युझिक प्लेअरची एक अडचण गेले दोन महिने पिच्छा सोडत नाहीये. आईला कमी दिसतं, टचस्क्रीन तिला जमत नाही. हा छोटा प्लेअर मात्र ती बटणं चाचपून व्यवस्थित वापरते. त्यात गाण्यांबरोबर मावशीच्या आवाजातली रेकॉर्डिंग आहेत. मावशी आता नाही, त्यामुळे त्या फाइल जपणं माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे.

प्लेअर लॅपटॉपला यूएसबीने जोडला की त्याच्या पडद्यावर दोन बाणांचं चित्र येतं आणि खाली ‘जोडलेला आहे, काढू नका’ अशी ओळ. फाइल भरून झाल्या की मी फाइल मॅनेजरमध्ये नावापुढच्या इजेक्टच्या खुणेवर क्लिक करते. नाव तिथून जातं, पण प्लेअरवर चित्र तसंच. दहा-दहा मिनिटं थांबून पाहिलं. शेवटी केबल ओढावी लागते. बहुतेक वेळा निभावतं, पण दोनदा नाही निभावलं. दुसऱ्या वेळी ‘मावशी’ फोल्डरमधल्या सात फाइलींची नावं नुसती चौकोन आणि प्रश्नचिन्हं झाली आणि आकार शून्य. लॅपटॉपवर प्रती होत्या म्हणून वाचले.

लॅपटॉपवर डेबियन 12 (लिनक्स), जीनोम डेस्कटॉप. प्लेअर मास स्टोरेज मोडमध्ये आहे, म्हणजे लॅपटॉपला पेन ड्राइव्हसारखा दिसतो; एमटीपीमध्ये नाही. फाइल सिस्टिम फॅट32. केबल बदलली, पोर्ट बदललं. टर्मिनलमधून युमाउंट (डिस्क लॅपटॉपपासून सोडवण्याची कमांड) केलं तर काहीही तक्रार न करता होतं, पण चित्र हलत नाही. डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या आतल्या नोंदींमध्ये) पुढच्या वेळी जोडल्यावर ‘व्हॉल्यूम नीट अनमाउंट झाला नव्हता, एफएससीके चालवा’ अशा अर्थाची ओळ दिसते (एफएससीके म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड). नेमकं कुठे चुकतंय? कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात तरी चालतील, मी टाइप करताना बदलून घेईन.

प्रतिसाद १

युमाउंट आणि इजेक्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि असल्या प्लेअरच्या बाबतीत हा फरक फार जाणवतो. युमाउंटने लिनक्स आपल्या बाजूचं काम संपवतं: उरलेला डेटा लिहितं, फाइल सिस्टिम बंद करतं. पण प्लेअरला कुणी ‘तू मोकळा झालास’ असं सांगत नाही. त्याच्या दृष्टीने केबल आहे, लॅपटॉप आहे, म्हणजे अजून कुणीतरी आपली मेमरी वापरतंय. इजेक्ट कमांड मात्र उपकरणाला ‘स्टार्ट-स्टॉप युनिट’ नावाचा स्कझी (डिस्कशी बोलण्याची ठरलेली पद्धत) आदेश पाठवते. तो मिळाला की प्लेअर चित्र काढतो आणि गाण्यांच्या यादीवर परत येतो. साध्या पेन ड्राइव्हला पडदाच नसतो, म्हणून तिथे हे कधी लक्षात येत नाही.

आधी युमाउंट, मग सुडो इजेक्ट /डेव्ह/एसडीबी असं करून पाहा. पार्टिशनचा आकडा न लावता (एसडीबी1 नाही, एसडीबी), पूर्ण डिस्कचं नाव द्या.

धागाकर्ती

धन्यवाद, फरक आज पहिल्यांदा नीट कळला. तसंच करून पाहिलं. कमांड बिनतक्रार चालली. चित्र तसंच आहे.

युडिस्कसीटीएल पॉवर-ऑफ (जोडलेलं उपकरण बंद करण्याची कमांड) हाही उपाय वाचला होता, तोही केला. त्याने नकार दिला: ‘याच उपकरणाचा भाग असलेला दुसरा ड्राइव्ह वापरात आहे’ अशा अर्थाची ओळ आली. पण मी तर एकच ड्राइव्ह जोडलाय.

प्रतिसाद २

त्या ओळीतच उत्तर आहे. एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवा आणि काय दिसतं ते इथे टाका. प्लेअरमध्ये मेमरी कार्ड आहे का?

धागाकर्ती

आहे! 32 जीबीचं कार्ड. गाणी मावेनात म्हणून दोन महिन्यांपूर्वी घातलं, आणि त्रास तेव्हापासूनच आहे. हे मी आधीच लिहायला हवं होतं. एलएसबीएलकेमध्ये एसडीबी हा सुमारे 8 जीबीचा आणि एसडीसी हा सुमारे 32 जीबीचा, असे दोन दिसतात. एसडीसी1 अजून माउंट झालेला आहे. मला वाटायचं एकाला इजेक्ट केलं की अख्खा प्लेअर सुटला. आणि ‘मावशी’ फोल्डर कार्डावरच आहे.

प्रतिसाद २

मग सापडलं. यूएसबीच्या एकाच उपकरणात दोन लॉजिकल युनिट (साठवणीचे वेगवेगळे भाग) असू शकतात. तुमच्या प्लेअरची आतली मेमरी एक, कार्ड दुसरं. लिनक्सला त्या दोन स्वतंत्र डिस्क वाटतात. तुम्ही दर वेळी आतल्या मेमरीला निरोप देत होतात आणि कार्ड माउंट असतानाच केबल ओढत होतात. प्लेअर ‘काढू नका’ म्हणत होता ते खरंच होतं.

नुकसान नेमकं कार्डाचं का झालं तेही सांगतो. कॉपीची पट्टी शेवटाला पोचली म्हणजे फाइल कार्डावर पोचली असं नाही. लिनक्स आधी ती रॅममध्ये घेतं आणि मागाहून सावकाश लिहितं. नेहमीच्या सेटिंगमध्ये असा डेटा 30 सेकंद जुना झाला की लिहायला घेतला जातो, आणि हळू कार्डावर ते लिहिणं पुढे बराच वेळ चालू शकतं. /प्रॉक/मेमइन्फो या फाइलमधल्या ‘डर्टी’ (लिहायचा बाकी डेटा) आणि ‘राइटबॅक’ (सध्या लिहिला जाणारा) या दोन ओळी कॉपी संपल्यावर बघा, आकडा उतरताना दिसेल. सिंक कमांड दिलीत तर हे सगळं लिहून होईपर्यंत प्रॉम्प्ट परत येत नाही. ती थांबलीये असं वाटलं तरी मध्येच तोडू नका.

आता क्रम असा: सिंक, मग एसडीबी1 आणि एसडीसी1 दोन्ही अनमाउंट, आणि मग युडिस्कसीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीबी. दोन्ही युनिट एकाच उपकरणाची असल्याने पॉवर-ऑफ एकदाच पुरतं. ‘टार्गेट इज बिझी’ असं आलं तर फ्यूजर -व्हीएम आणि पुढे माउंटचा पत्ता द्या, कुणी धरून ठेवलंय ते कळेल. बहुधा गाण्यांचं ॲप उघडं असतं, नाहीतर तुमचं टर्मिनलच त्या फोल्डरमध्ये उभं असतं. अशा वेळी युमाउंट -एल वापरायचा मोह होतो. तो इथे कटाक्षाने टाळा. त्याने नाव दिसेनासं होतं, लिहिणं मात्र मागे चालूच राहू शकतं.

प्रतिसाद ३

थोडी भर. पॉवर-ऑफने यूएसबीचं ते पोर्ट बंद होतं, त्यामुळे प्लेअर चार्ज होत राहावा असं वाटत असेल तर पॉवर-ऑफऐवजी दोन्ही डिस्कना एकामागून एक इजेक्ट द्या.

आणि आधी कार्ड दुरुस्त करा. फॅटमध्ये ‘नीट बंद झालं नाही’ अशी खूण राहते, ती आपोआप जात नाही. कार्डावरचं वाचता येईल तेवढं लॅपटॉपवर उतरवून घ्या, कार्ड अनमाउंट करा आणि सुडो एफएससीके.व्हीफॅट -ए /डेव्ह/एसडीसी1 चालवा. नंतर कार्डावर एफएससीके0000.आरईसी अशा नावाच्या फाइल दिसल्या तर घाईने पुसू नका, तुटलेल्या फाइलींचे तुकडे त्यात असतात. मावशींच्या रेकॉर्डिंगची एक प्रत लॅपटॉपखेरीज आणखी कुठेतरी ठेवाच.

धागाकर्ती

झालं. कार्ड तपासलं, दोन आरईसी फाइल निघाल्या, त्या बाजूला ठेवल्या आहेत. सात फाइल पुन्हा भरल्या. कॉपी संपल्यासारखी दिसल्यावर ‘डर्टी’चा आकडा खरंच बराच मोठा होता. सिंक दिल्यावर तो उतरत गेला, प्रॉम्प्ट जवळजवळ चार मिनिटांनी परत आला. दोन्ही अनमाउंट, मग पॉवर-ऑफ, आणि दोन बाणांचं चित्र जाऊन पडद्यावर गाण्यांची यादी आली.

हे सगळं एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घालून डेस्कटॉपवर आयकॉन केलाय. यादीवर परत येताना प्लेअरच्या बटणांचा दिवा एकदा विझून लागतो, तेवढं आईला दिसतं. दिवा विझून लागल्याशिवाय केबल काढायची नाही, असं आमचं ठरलं आहे. काल संध्याकाळी तिने स्वतः केबल काढली आणि लगेच मावशीचं रेकॉर्डिंग लावलं. तुम्हा तिघांचे मनापासून आभार.