उत्तर: जी. आय. टेलर आणि बॉम्बचे फोटो

कोणीतरी लिहिलंय की ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलरने मासिकातले फोटो बघून घरबसल्या अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या ताकदीचं गुपित फोडलं. किस्सा झकास आहे, पण अर्धाच खरा. हा माणूस १६ जुलै १९४५ ला ट्रिनिटी चाचणीला, म्हणजे जगातल्या पहिल्या अणुस्फोटाला, स्वतः हजर होता, आणि स्फोटलहरीचं गणित त्याने १९४१ मध्येच ब्रिटिश सरकारसाठी करून ठेवलं होतं. त्या चाचणीचे फोटो १९४७ ला खुले झाले, टेलरचा शोधनिबंध १९५० ला छापून आला. गणित मात्र खरंच भारी, आगीच्या गोळ्याच्या त्रिज्येचा पाचवा घात, भागिले वेळेचा वर्ग, गुणिले हवेची घनता, की ऊर्जेचा अंदाज हातात, कारण फोटोवर ०.०२५ सेकंद आणि १०० मीटरची पट्टी छापलेलीच होती. उत्तर साधारण १७ किलोटन, म्हणजे १७ हजार टन टीएनटी स्फोटकाइतकी ऊर्जा.

मला स्वतःला त्याचा नांगर जास्त आवडतो. बोटीचा हो, शेतातला नाही, पण आकार शेतातल्या फाळासारखाच! शिडाच्या बोटीचं वेड होतं त्याला, जुने नांगर वजनाच्या मानाने फारच कमी धरतात म्हणून १९३३ मध्ये त्याने जमिनीत स्वतःच रुतत जाणारा सीक्यूआर (CQR) नांगर काढला, तीन अक्षरं भरभर म्हणून बघा, 'सिक्युअर' ऐकू येतं.