बॅगपाइप ऐकली आणि पिट्सबर्ग आठवलं: सीएमयूच्या आठवणी लिहा

पावसाळी_मांजर
काल भाच्याच्या शाळेत लष्कराचा बँड आला होता. एका हवालदारसाहेबांनी बॅगपाइप काखेत घेतली. पहिला सूर लागायच्या आधी तिचा जो रेकल्यासारखा आवाज निघतो ना, तो ऐकला आणि माझ्या डोळ्यांत पाणी. शेजारच्या बाईंनी रुमाल पुढे केला. त्यांना वाटलं घरचं कुणी सीमेवर आहे.

आता त्यांना काय सांगू! पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठात (तेच सीएमयू) होते तेव्हा हिरवळीवर कुणीतरी हेच घोटत बसायचं. तिथं बॅगपाइपमध्ये पदवी मिळते, खरंच. विद्यापीठ काढणारा अँड्र्यू कार्नेगी स्कॉटलंडहून आलेला, म्हणून सगळा थाट तिकडचा. संघाचं नाव टार्टन्स, बोधचिन्ह स्कॉटी कुत्रा, पदवीदानाला बॅगपाइप. आणि त्याचं ते ब्रीद, 'माझं काळीज कामात आहे'. आमच्या लॅबच्या फळ्यावर कुणीतरी हे लिहून खाली जोडलं होतं, 'आणि झोप?' दोन वर्षं कुणी पुसलं नाही.

लोक विचारतात ते रँकिंग, पॅकेज आणि रोबॉट. मला आठवतात ती माणसं. तुम्ही तिथं शिकला असाल, नवऱ्यामागं गेला असाल, लेकाच्या पदवीदानाला गेला असाल, लिहा काहीही.

निशाचर७९
कॅम्पसवरचं ते रंगवायचं कुंपण!!! मी आधी.
रात्री बारानंतर उजाडेपर्यंतच रंगवायचं, ब्रशनंच, आणि तुमची माणसं राखणीला बसलीत तोवर ते तुमचं. राखण सुटली की गेलं. आम्ही गणपतीला रंगवलं होतं. शेंदरी रंग मध्येच संपला. कुणीतरी लाल-पिवळा कालवला आणि बाप्पा झाले आमरसाच्या रंगाचे. पहाटे चारला तंबूत मी एकटा जागा, बाकीचे घोरतायत, आणि समोरून पाचजण बादल्या घेऊन हजर. मी बोंबललो, 'ओ, आम्ही आहोत इथं!' मराठीतच. ते सॉरी म्हणून निघून गेले.
मूळचं लाकडी कुंपण १९९३ साली रंगाच्या थरांच्या वजनानं आपोआप कोसळलं, आताचं काँक्रीटचं. आमच्या चाळीच्या कठड्याचं पण तेच होणार, दर दिवाळीला एक हात.

कोथिंबीर_जुडी
आमरस बाप्पा!! थांब, २००४ का? शेंदरी रंग मी आणला होता!

निशाचर७९
हो २००४. तूच का ती, डबा बसमध्ये विसरलेली?

कोथिंबीर_जुडी
पुरणपोळ्यांचा. बावीस होत्या. नको आठवण काढूस.

बिनपगारी_गृहमंत्री
नवरा पीएचडीला, मी एफ-२ व्हिसावर, म्हणजे काम करायला परवानगी नाही. नाशिकची बँकेतली नोकरी सोडून गेलेली मी. स्क्विरल हिलला एका खोलीत दिवसभर हीटरची खडखड ऐकत बसायचं. तोही जानेवारीत अकरा दिवस बंद. घरमालकाचं एकच पालुपद, उद्या माणूस येतो. ओव्हनचं दार उघडं ठेवून त्याच्यासमोर भाजी निवडायचे.

मग एका तमिळ मामींनी ओकलंडच्या कार्नेगी लायब्ररीत नेलं. दारावर दगडात कोरलंय, 'लोकांसाठी मोफत'. तरी मी विचारलंच, डिपॉझिट किती? काउंटरवरची बाई हसली नाही, तेवढं बरं. कार्ड हातात आलं. अमेरिकेत माझ्या नावावर आलेली पहिली वस्तू. फोन, भाडेकरार, लाइटबिल, सगळं ह्यांच्या नावावर. शेजारी म्युझियम, त्याच्या बाहेर डिप्पी नावाचा डायनासोर, थंडीत त्याच्या गळ्यात मफलर. त्याला बघून आत जायचं हा नेम. कॅम्पसवर मी 'अमक्याची बायको' आणि लायब्ररीत मला आडनावानं हाक मारायचे. चुकीचं उच्चारायचे, पण माझंच.

पावसाळी_मांजर
ताई 🙏 आणि मग?

बिनपगारी_गृहमंत्री
मग काय, मुलगी झाली, ती आता कॉलेजात. कुकर लागलाय, येते नंतर.

स्कोअर_पाहिजे
नमस्कार, मुलीला जीआरई प्रवेशपरीक्षेत ३२१ आहेत. सीएमयू मिळेल का? कर्ज किती काढावं?

निशाचर७९
काका, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथं सगळे तुटून पडतील. इथं फक्त रडायचं.

आबा_कोरेगावकर
मी आयटीआयमध्ये ३१ वर्षे फिटर ट्रेड शिकवला. चिरंजीवांच्या पदवीदानास सपत्नीक गेलो होतो. त्याने मोठ्या कौतुकाने काचेच्या इमारती दाखवल्या. मी म्हटले, जुने दाखव. तेव्हा समजले की हे विद्यापीठ १९०० साली 'कार्नेगी टेक्निकल स्कूल्स' म्हणून निघाले. गावातल्या कामगारांच्या मुलांनी हुन्नर शिकावा, हा हेतू. १९१२ साली त्याचे इन्स्टिट्यूट झाले आणि १९६७ साली मेलन इन्स्टिट्यूट त्यात आली तेव्हा आजचे नाव. मी मोठ्याने म्हणालो, 'म्हणजे ही आमची आयटीआयच की!' चिरंजीव म्हणाले, बाबा हळू. का म्हणून हळू?

हॅमरश्लॅग हॉल नावाची वास्तू अवश्य पाहावी. वरचा गोल मनोरा देवळाच्या शिखरासारखा दिसतो, पण त्याच्या पोटात बॉयलरचे धुराडे. वास्तुविशारदाने ते झाकले, पाडले नाही. बेकर हॉलचा लांबलचक बोळ उताराचा आहे. पोरे सांगतात की शाळा चालली नाही तर कारखाना करता यावा म्हणून तसा बांधला. खरे-खोटे देव जाणे. नातवाची गोटी खिशात होती, ती जमिनीवर सोडून पाहिली. गेली घरंगळत. सौ. म्हणाली, आता आणायला पण तुम्हीच जा.

चार_फूट_दहा
आबा 😂😂 गोटी!
त्या उतारावरून आठवलं, मी शर्यतीची बग्गी चालवायचे. 'चालवायचे' म्हणजे टॉर्पेडोसारख्या बंद डब्यात पालथं पडून राहायचं, नाक रस्त्यापासून वीतभर वर. पाचजण आळीपाळीनं चढावर ढकलतात, मधल्या उतारावर शेन्ली पार्कमध्ये गाडी आपली आपण पळते, ताशी पन्नासच्या वर. वळणावर गवताच्या गाठी रचलेल्या, आदळलात तर त्यात. १९२० पासून चालू आहे म्हणे. ड्रायव्हर लहानखुरे लागतात. शाळेत मला कुणी कबड्डीत घेत नव्हतं आणि इथं दोन संघ माझ्यामागे!
सराव रविवारी पहाटे. आईला सांगितलं होतं, रविवारी योगासनं करते. शर्यतीचा फोटो मावशीनं पाहिला आणि मग जो काही फोन आला…

कोथिंबीर_जुडी
पालथं पडून म्हणजे योगासनंच की ती. मकरासन.

लोअर_परळ_स्लो
आबा, तुमच्या धुराड्यावरून लिहितोय, नाहीतर वाचूनच जाणार होतो.
वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात गेलं सगळं. मी कर्ज काढून सीएमयूला. पहिल्या आठवड्यात सगळे नवीन लोक उशा-पातेली घ्यायला बसने वॉटरफ्रंटला गेलो. मॉल, सिनेमा, पार्किंग आणि मधेच ओळीनं बारा धुराडी, नुसती उभी. खाली कारखाना नाही, काही नाही. बाकीचे फोटो काढत होते. मला आमच्या परळच्या फिनिक्स मिलची चिमणी दिसली.
रात्री बसून वाचलं. तिथं होता होमस्टेडचा पोलाद कारखाना, कार्नेगीचाच. १८९२ ला मजुरीवरून टाळेबंदी, त्याच्या भागीदारानं, फ्रिकनं, बोटींतून खासगी बंदूकवाले आणले, दोन्हीकडची माणसं मेली. युनियन मोडली. मालक तेव्हा स्कॉटलंडात. पुढं आठच वर्षांत त्याच गृहस्थानं कामगारांच्या पोरांसाठी ही शाळा काढली. कारखाना १९८६ ला बंद झाला, शाळा राहिली.
वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. गप्प होते. मग म्हणाले, 'आमच्या शेटनी तेवढं पण नाय केलं. तू शीक.' आणि ठेवला फोन, कॉलिंग कार्डाचे पैसे जातात म्हणून.

आबा_कोरेगावकर
वडिलांना माझा नमस्कार सांगा.

लोअर_परळ_स्लो
ते २०११ ला गेले आबा. पण सांगतो.

पिटवाला_पांडू
आम्ही शेजारचे, युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्गचे. तुमचं ते कुंपण ठीक आहे, पण धुक्यात रस्ता चुकलात की बघायचात आमचं ४२ मजली कॅथेड्रल ऑफ लर्निंग! त्यात देशोदेशींच्या वर्गखोल्या आहेत. भारताची नालंदेच्या धर्तीवर, विटांची. आई आली होती तर चप्पल बाहेर काढून आत गेली.

निशाचर७९
तुम्ही आमच्या गणपतीला यायचात ते फक्त जेवायला.

पिटवाला_पांडू
मग काय आरतीला?

बग_की_फीचर
मी कॉम्प्युटरवाला, त्यामुळं थोडा माज करतो. मेसेजमध्ये आडवा हसरा चेहरा टाकता ना, कोलन-रेघ-कंस, तो आमच्याकडचा. १९ सप्टेंबर १९८२. विभागाच्या बुलेटिन बोर्डावर लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा विनोद चालला होता, काहींना तो खराच वाटला, तेव्हा स्कॉट फालमन यांनी सुचवलं की विनोदाला अशी खूण करा :-)
आणि वीन हॉलमधलं कोकचं मशीन. त्याच सुमारास पोरांनी त्याला बारीक स्विच बसवून नेटवर्कला जोडलं. बाटल्या आहेत का आणि पुरेशा गार झाल्यात का, ते जाग्यावरून कळावं. जिना चढायचा कंटाळा! आता ह्याला आयओटी, म्हणजे वस्तू इंटरनेटला जोडणं, म्हणून कोर्स विकतात.
राज रेड्डी सरांना मी एकदाच जवळून पाहिलं. १९९४ चं संगणकशास्त्रातलं ट्युरिंग पारितोषिक, रोबॉटिक्स इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक, आणि रांगेत माझ्यामागे ट्रे घेऊन उभे. मी पुढं व्हा म्हणालो. ते मानेनंच नको म्हणाले. मी गडबडीत सूप घेतलं, मला सूप आवडत नाही.

पावसाळी_मांजर
सूप 😄 माझ्या गाइडसमोर माझी रोज ही अवस्था. नाव नको. रात्री अडीचला ईमेल, 'जागी आहेस ना?' नाही म्हणायला सुद्धा जागं असावं लागतं.

दहीभात_समर्थक
पेन हिल्सचं व्यंकटेश्वर मंदिर कुणीच कसं काढलं नाही?? टेकडीवरचं पांढरं गोपुर, बर्फात तर गोपुर कुठलं आणि आभाळ कुठलं कळत नाही. तळघरातलं कँटीन, पुळीहोरा (चिंचेचा भात) आणि दहीभात. मी पक्का नास्तिक, पण ज्याच्याकडे गाडी त्याच्या गाडीत रविवारी भक्तिभावानं बसायचो. तिथल्या दहीभातात आलं असायचं. घरी करून पाहिलं, तसं होत नाही. कुणाला जमतं का?

कोथिंबीर_जुडी
भात गरम असताना दूध घाल, दही नंतर. आलं किसू नको, चिरून.

चार_फूट_दहा
आणि हिरवी मिरची फोडणीत नाही, वरून कच्ची.

दहीभात_समर्थक
वहीत लिहून घेतलं.

शिळोप्याची
मी २०२२ ला तिथं होते. २८ जानेवारी, बर्फ पडलेला, सकाळी रूममेट मला हलवून म्हणते, तुझी बस पुलावरून पडली. ६१बी! फोर्ब्ज अव्हेन्यूचा फर्न हॉलो पूल फ्रिक पार्कच्या घळीत बसला होता आणि आमची लांब जोडबस त्यावर तिरकी. कुणी दगावलं नाही, देवाची कृपा. त्याच दिवशी बायडन पूल-रस्त्यांवर बोलायला गावात येणार होते, म्हणजे बघा. आईनं सांगलीत टीव्हीवर पाहिलं. मी फोन उचलेपर्यंत तिनं गणपतीला नारळ बोलून टाकला होता. पुढच्या सुट्टीत मलाच फोडायला लावला, रांगेत दीड तास.

दोहा_डायरी
आम्ही दोहाच्या शाखेतले. २००४ पासून आहे. कुंपण आमच्याकडंही, बर्फ सोडून सगळं. पिट्सबर्गला एक सत्र गेलो आणि पहिल्याच दिवशी घसरून पडलो. अनुभव संपला.

स्कोअर_पाहिजे
वाचतोय सगळं. तिथं टीसीएसचं नाव असलेली इमारत आहे असं ऐकलं. म्हणजे नोकरी पक्की का?

बग_की_फीचर
इमारत आहे काका, फोर्ब्ज अव्हेन्यूवर. टीसीएसनं २०१५ मध्ये साडेतीन कोटी डॉलर दिले होते. नोकरीचं मात्र मुलीलाच बघावं लागेल :-)

बिनपगारी_गृहमंत्री
आले. लोअर परळ, तुमचं वाचून भाजी करपली. असू दे.
एक राहिलं. मार्गारेट मॉरिसन हॉल, कार्नेगीच्या आईच्या नावाचं, मुलींचं कॉलेज होतं ते, १९७३ पर्यंत. वर गोलाकार कोरलंय की घर घडवणं, दुःख हलकं करणं वगैरे हा स्त्रीचा थोर अधिकार. पहिल्या वर्षी ते वाचून मला इतका राग आला होता! परवा लेकीला फोटो दाखवला. ती म्हणाली, आई, फाँट मस्त आहे.

निशाचर७९
@कोथिंबीर ए, त्या डब्याचं पुढं काय झालं? बसवाल्यांकडं जाणार होतीस ना?

कोथिंबीर_जुडी
गेले होते. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत मिळाला, तिसऱ्या दिवशी.

निशाचर७९
आणि पोळ्या?

कोथिंबीर_जुडी
एकही नाही. डबा मात्र घासून ठेवलेला.