टेक लाइव्ह: उबुंटूचं घ्यावं की थेट?

भुसावळकर
नवख्यांसाठी: टेक म्हणजे प्रबंध-पुस्तकं जुळवायचं सॉफ्टवेअर, टेक लाइव्ह त्याचा अख्खा संच, उबुंटू ही लिनक्स प्रणाली. काल इथे एकाने सल्ला ठोकला, "उबुंटूवर टेक हवं? टेक्सलाइव्ह-फुल टाका, विषय संपला." संपला कसा? ते उबुंटूचं पॅकेज, उबुंटू 22.04 वर त्यातून टेक लाइव्ह 2021 मिळतं आणि तिथेच गोठतं. टीएलएमजीआरने, म्हणजे टेक लाइव्हच्या अपडेट-साधनाने, अपडेट करायला जा, तो म्हणतो तुमचं 2021, भांडारात नवीन साल, जमणार नाही. पुतणीच्या प्रबंधाचा टेम्प्लेट यातच अडकला. टेक लाइव्हचा मूळ इन्स्टॉलर वापरा की सरळ!

धुळे_मास्तर
गोठतं म्हणूनच वापरतो! सबमिशनच्या आदल्या रात्री एका पोराने तुमच्यासारखंच "ताजं" ओढलं, अख्खी अनुक्रमणिका विस्कटली. शिवाय आप्टला, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज टाकणाऱ्या साधनाला, तुमचं थेट टाकलेलं टेक दिसतच नाही. टेक लागणारं दुसरं काही टाकलं की तो पुन्हा स्वतःचं ओढतो.

केळीवाला_रावेर
पण 'फुल' कसाले भो? काही जीबी आहे ते. आमच्याकडे लाइट गेली की टॉवर गेला. झीटेक (युनिकोड फॉन्ट चालवणारं टेक) आणि लँग-अदर (इतर भाषांचं पॅकेज) बास. आणि हे बघा, मराठीचे शब्द तोडायचे नियम 'अदर'मध्ये! जर्मन-फ्रेंचला स्वतंत्र पॅकेज, आठ कोटींची मराठी 'इतर'!

अक्षरजुळारी_अमळनेर
'अदर'चं काय घेऊन बसलात! खरा छळ ल आणि श चा. फॉन्टस्पेकमध्ये (टेकमध्ये फॉन्ट निवडायचं पॅकेज) लँग्वेज मराठी दिलं तरी फॉन्टातच मराठी वळण नसेल तर हिंदी ल छापून येतो. म्हणून आमच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका अजून जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टातच.

भुसावळकर
आणि तोच मजकूर मेलमध्ये चिकटवला की गिचमिड. 2000 सालीच राहता का तुम्ही?

अक्षरजुळारी_अमळनेर
पत्रिका सर्च कोण करतंय? नवरी 'शालिनी' असली की श आणि ल दोन्ही डोळ्यात भरतात. परवा मुलीच्या आईने पूर्ण गठ्ठा परत पाठवला. कागदाचे पैसे तुम्ही दिले का?

धुळे_मास्तर
धागा टेकचा आहे. पत्रिकेचा नाही.

भुसावळकर
बरं, टेकचंच. थेट टाकलं की 2021 आणि 2024 वेगवेगळ्या फोल्डरमध्ये शेजारी-शेजारी राहतात. जुना प्रबंध जुन्यावर, नवा नव्यावर. अपडेट आपण कमांड मारल्याशिवाय होत नाही. तुमच्या पोराने मारली, त्यात इन्स्टॉलरचा काय दोष?

धुळे_मास्तर
शेजारी-शेजारीचं मानलं. घ्या, जिंकलात. आता लॅबमधल्या सगळ्या मशीनवर ते टाकायचं कुणी? माझ्याकडे एक शिपाई आहे, तोही निवडणूक ड्युटीवर.

भुसावळकर
भाडं द्या, येतो.

अक्षरजुळारी_अमळनेर
वाटेत अमळनेरला उतरा. परत आलेला गठ्ठा इथेच पडलाय, ल बघा आणि मग बोला.