विमान लेट, पुढचं चुकलं, हातात काय पडलं? नाशिककरांनो, लिहा

नाशिकहून लांब उडायचं तर वाटा दोनच: घाट उतरून मुंबई गाठा, नाहीतर ओझरच्या विमानतळावरून दिल्ली-हैदराबादला जाऊन विमान बदला. कनेक्टिंग फ्लाइट आपल्या पाचवीलाच पुजलेली. ती चुकली तेव्हा काय मागितलंत आणि काय मिळालं, ते लिहा. कंपनीचं नाव नको, हकिगत हवी. आणि तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, होतं की वेगवेगळं, ते आवर्जून सांगा. माझ्या मते सगळा निकाल तिथंच लागतो.

गंगापूर रोडहून:
मुलीकडे हॅम्बुर्गला गेले होते. येताना हॅम्बुर्ग-फ्रँकफर्ट-मुंबई, एकच तिकीट. पहिलं विमान बिघाडामुळे तासभर उशिरा सुटलं आणि मुंबईचं चुकलं. हॉटेल, जेवण, दुसऱ्या दिवशीची सीट मिळाली. त्याबद्दल तक्रार नाही. घरी पोचल्यावर मुलगी फोनवर म्हणाली, "आई, ६०० युरो माग." तासाभराच्या उशिराचे एवढे कोण देतंय! पण युरोपचा २६१/२००४ हा नियम शेवटच्या मुक्कामाला किती उशीर झाला ते मोजतो. अंतर ३५०० किलोमीटरच्या वर आणि उशीर चार तासांहून जास्त, म्हणून ६००. युरोपातून निघताना कंपनी कुठल्याही देशाची असो, नियम लागू. इथून तिकडे जाताना मात्र ती युरोपातलीच लागते.
कंपनीचं पहिलं उत्तर: "असाधारण परिस्थिती", म्हणून भरपाई नाही. नेहमीचा तांत्रिक बिघाड त्यात बसत नाही, हे तिथल्या न्यायालयानं २००८ मध्येच सांगितलंय. मुलीनं तेवढं लिहून पाठवलं. मग व्हाउचर पुढे केलं. ते आपण सही करून मान्य केलं तरच चालतं, म्हणून आम्ही बँकेतच पैसे मागितले. आले! मला घ्यायला नाशिकहून गेलेली गाडी रिकामी परतली, तिचं भाडं मात्र आमच्याच खिशातून.

इंदिरानगरहून:
ओझर-दिल्ली-चंदीगड, एकच पीएनआर, जानेवारीतलं धुकं. पुढचं विमान गेलं. दुसऱ्यात फुकट बसवलं, भरपाई शून्य. हवामानाचं कारण असलं की डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमात कंपनीला रोख भरपाईतून सूट आहे. खाणंही काउंटरवर आवाज चढवल्यावर आलं.

(मध्येच सांगते: आपल्याकडे नुसत्या उशिराला रोख भरपाई नाहीच. अडीच तासांपर्यंतचं उड्डाण दोन तासांहून जास्त रखडलं की खाणंपिणं. देशांतर्गत विमानाला सहा तासांच्या वर उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. युरोपचे आकडे वाचून इथल्या काउंटरवर भांडायला जाऊ नका.)

नाशिक रोडहून:
वहिनींची दिल्लीपर्यंतची आणि पुढे लेहची तिकिटं वेगवेगळ्या कंपन्यांची होती, तेवढंच स्वस्त पडलं म्हणून. पहिलं विमान रखडलं. दुसरी कंपनी म्हणाली, तुम्ही वेळेवर आला नाहीत. पहिली म्हणाली, आम्ही दिल्लीला सोडलं, आमचं काम संपलं. लेहचं तिकीट नवं काढावं लागलं. संतापजनक, पण दोघींनाही नियमात पकडता येईना.

सातपूरहून:
बंगळूर-नाशिक विमान रद्द, मेसेज त्याच दिवशी सकाळी. कारण "ऑपरेशनल". डीजीसीएच्या नियमानं अशा वेळी भरपाई एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, जे कमी असेल ते. म्हणजे तिकीट स्वस्तात मिळालं असेल तर भरपाईही तेवढीच! मी परतावा घेऊन मुंबईमार्गे आलो. आधी कंपनीला ईमेल केला, मग एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली. उत्तर गोलमोल. आता ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे बंगळूरच्या खेपा नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. रद्द झाल्याचा मेसेज आणि बोर्डावरचा फोटो जपून ठेवलाय.

पाथर्डी फाट्यावरून:
कसाऱ्याला ट्रक उलटला, आम्ही अडकलो आणि मुंबईचं विमान गेलं. याचं कोणाकडे मागायचं?

उत्तर: विमान कंपनीकडे तर नाहीच. प्रवास विम्याच्या कागदात "मिस्ड डिपार्चर" (विमान चुकल्याचं कलम) शोधा, आणि त्यात रस्त्यावरचा अपघात धरलाय का ते बघा. असेल तर पोलिसांचा किंवा टोलचा काही कागद मिळवा आणि इथे कळवा.