गुइशा आणि लाहूंचे दैवी पुरुष

चीन-ब्रह्मदेश सीमेवरील डोंगरांत राहणाऱ्या लाहू लोकांचे ख्रिस्तीकरण ही केवळ मिशनऱ्यांची करामत होती, असे एक मत आहे; ते मला अपुरे वाटते. चीनमधील युनानच्या डोंगरांत महायान बौद्ध भिक्षूंच्या प्रभावाखाली गुइशा या सृष्टिकर्त्याची मंदिरे त्याआधीच उभी राहिली होती, आणि त्याच्या नावाने बोलणारे पुरुष विखुरलेल्या गावांना एकत्र आणून प्रसंगी चीनच्या चिंग राजघराण्याच्या सत्तेविरुद्ध उठावही करीत होते. त्यामुळे १९०४ च्या सुमारास ब्रह्मदेशातील केंगतुंग येथे विल्यम मार्कस यंग या अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्याकडे लोकांची रीघ लागली, तेव्हा अनेकांनी त्याला, देवाचा दूत येईल या जुन्या भाकितातला, तो दूत मानले. त्याच्या प्रवचनांपेक्षा (निदान माझ्या मते) ही प्रतीक्षाच निर्णायक ठरली. १९७० च्या दशकात शान राज्यातील लाहू लढवय्ये मो ना पाउ खू या वृद्ध धर्मपुरुषामागे बर्मी लष्कराविरुद्ध उभे राहिले, तेही याच परंपरेतून.