मदत हवी आहे: मुलुंड ते मालवण, मागे कॅराव्हॅन, डिझेल कुठे भरू?

मुलुंडचा_मालवणी
नमस्कार मंडळी. शुक्रवारी पहाटे निघायचंय, वेळ कमी आहे म्हणून थेट विचारतो. मुलुंडहून मालवण, गाडीमागे कॅराव्हॅन (ओढून न्यायची चाकांवरची खोली) जोडलेली. एरवी हा रस्ता पाठ आहे, पण या वेळी ॲव्हरेज किती पडेल याचा अंदाजच येत नाहीये. डिझेल महाडला भरू, चिपळूणला की थेट हातखंब्याला? आत शिरून बाहेर पडता येईल असे पंप माहीत असतील तर सांगा. "कॅराव्हॅन कशाला, हॉटेलात उतरा" हे कृपया नको. ठरलंय ते ठरलंय.

डिझेलमित्र
गाडी कुठली? टाकी केवढी? कॅराव्हॅनचं वजन, लांबी? यातलं काहीच लिहिलेलं नाही, पंप कशाच्या जोरावर सांगायचा?

मुलुंडचा_मालवणी
स्कॉर्पिओ एन, डिझेल, टाकी ५७ लिटर. कॅराव्हॅन सेकंड हँड घेतली, ७०० किलो. लांबी मोजलेली नाही. आता सांगा.

घाटमाथा
कोकणातून जाऊच नका. एक्सप्रेसवेने पुणे, मग सातारा, कराड, कोल्हापूर, आणि राधानगरीवरून फोंडा घाटाने खाली कणकवलीला. मी दर वर्षी असाच उतरतो. पुणे-कोल्हापूर पट्ट्यात ट्रकवाल्यांचे मोठे पंप आहेत, कुठेही शिरा. माणगावच्या बाजारात तुमचं शेपूट अडकलं तर मागे एक तास हॉर्न ऐकाल.

पळस्पे_फाटा
घाटमाथा, तुम्ही मोकळी कार घेऊन उतरता. इथे मागे ७०० किलो आहेत. आधी खंडाळा चढा, पुढे खंबाटकी चढा, आणि दमलेले ब्रेक घेऊन फोंडा घाट उतरा, हा कुठला सल्ला? कोकणातल्या रस्त्याला कशेडीला आता बोगदा आहे. माणगाव पहाटे पाचच्या आत ओलांडा, प्रश्न मिटला.

घाटमाथा
बोगद्याआधी आणि नंतर रस्ता कसा आहे तेही सांगा ना. आणि घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नसतं. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ऑटोमॅटिक असली तरी मॅन्युअल मोडवर टाकता येते.

बंदरकाठ
सागरी मार्गाने जा! दिघी, वेसवी, दाभोळ, जयगड, प्रत्येक खाडीत जंगलजेट्टी आहे, गाडी बोटीत घालायची आणि पलीकडे उतरायचं. इतका सुंदर रस्ता महाराष्ट्रात दुसरा नाही.

पळस्पे_फाटा
कॅराव्हॅनचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबतो. ओहोटीला जेट्टीचा उतार वाढला की तोच आधी घासतो. आणि बोटीतून उलट बाहेर यावं लागलं तर ट्रेलर रिव्हर्स कोण घेणार?

निवृत्त_रेल्वेवाला
कोकण रेल्वेची रो-रो सेवा आहे की. कोलाडहून ट्रक मालगाडीवर चढवतात, १९९९ पासून चालू आहे.

मुलुंडचा_मालवणी
काका, ती थेट गोव्यात वेर्ण्याला उतरवते. मला मालवणला जायचंय. मंडळी, कृपया डिझेलवर या.

डिझेलमित्र
येतो. मी तीन हिवाळे छोटी कॅराव्हॅन ओढली आहे, माझी मोकळी गाडी लिटरला १३ देते ती मागे खोका लागला की ८ वर येते. काही कारण वजन आणि काही वारा, म्हणून ताशी ७० च्या वर जाल तसं ते अजून पडतं. ५७ गुणिले ८ म्हणजे ४५६. त्यातली पाव टाकी राखीव ठेवा, हातात राहतात ३४० किलोमीटर. मालवण साधारण ५०० आहे. म्हणजे वाटेत एकदाच भरायचं. आदल्या रात्री कॅराव्हॅन न जोडता मुलुंडमध्येच टाकी फुल करा आणि चिपळूणच्या आसपास, निम्मी टाकी असतानाच, दुसऱ्यांदा. हातखंब्यापर्यंत ताणू नका.

आणि पंप निवडताना भाव बघू नका, तोंड बघा. पहिल्या वर्षी मी घाईत एका अरुंद पंपावर शिरलो. मशीनपाशी पोचलो तेव्हा कॅराव्हॅनची मागची दोन-तीन फुटं अजून हायवेवर होती. वळताना ट्रेलर आतल्या बाजूने कापतो, तसा तो मशीनसमोरच्या पिवळ्या लोखंडी खांबाला टेकला. पंपावरच्या पोराने आणि मी मिळून हिच (गाडी आणि ट्रेलर जोडणारा सांधा) सोडवली, पुढचं लहान चाक खडीत रुतलं, आणि चौघांनी ढकलून ती सरळ केली. पाऊण तास गेला. तेव्हापासून माझा नियम एकच: डाव्या हाताचा, दोन तोंडं (आत शिरायचं वेगळं, बाहेर पडायचं वेगळं) असलेला पंप, आणि सगळ्यात बाहेरची मशीन.

मुलुंडचा_मालवणी
हेच हवं होतं, मनापासून आभार. आईलाही दर दीड तासाने थांबावं लागतं, तिच्यासाठीच ही कॅराव्हॅन घेतली. गुडघ्यांमुळे तिला ढाब्यावरचं संडास जमत नाही. ती मागे आडवी होऊन येईल.

सांजवात
थांबा. आई चालत्या कॅराव्हॅनमध्ये बसणार? कृपया हे करू नका. आत पट्टा नाही, त्यांनी हाक मारली तरी तुम्हाला ऐकू येणार नाही, आणि मागची गाडी हेलकावू लागली तर पहिला मार आतल्या माणसाला. मी माझ्या सासूबाईंना अशाच प्रवासात पुढची सीट थोडी मागे झुकवून, पायाखाली उशी देऊन नेलं. त्यांना बरं वाटलं.

मुलुंडचा_मालवणी
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ठीक आहे, आई पुढे बसेल.

पळस्पे_फाटा
मग तुमचे थांबे डिझेलवर नाही, आईवर ठरणार. दर दीड तासाला एक जागा, जिथे गाडी आणि कॅराव्हॅन सरळ उभी राहील, रिव्हर्स न घेता बाहेर पडेल. म्हणून आजच टेप घेऊन एकूण लांबी मोजा. दुसरं, ७०० किलो रिकामी की भरलेली? शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलरची मर्यादा बघा, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर ती वेगळी असते.

मुलुंडचा_मालवणी
मोजली. दोन्ही मिळून ३४ फूट. ७०० किलो रिकामीचं वजन निघालं. स्वतःचे ब्रेक आहेत. पाणी निघताना भरणार नाही, पोचल्यावर भरू.

सामान_कमी
सामान चाकांच्या बरोबर वर येईल असं, पण खाली फरशीवर ठेवा. हिचवर एकूण भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार हवा, घरच्या वजनकाट्यावर मोजता येतो. मागे जड ठेवलंत तर शेपूट हलतं.

डिझेलमित्र
सगळ्यात आधी टायर बघा. सेकंड हँड कॅराव्हॅन वर्षानुवर्षं एका जागी उभी असते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

मुलुंडचा_मालवणी
आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. आकडे आहेत १११५. म्हणजे २०१५ चा अकरावा आठवडा. बाजूला नखाएवढ्या भेगा आहेत, बोट लावलं तर लागतात. नक्षी मात्र नवी दिसते.

पळस्पे_फाटा
नक्षीवर जाऊ नका. दोन्ही बदला, स्टेपनीचेही आकडे बघा.

मुलुंडचा_मालवणी
स्टेपनीही त्याच आठवड्याची. शुक्रवार रद्द, आईला सांगितलं, आठ दिवसांनी निघू. मुलुंड किंवा ठाण्यात या मापाचे टायर कोणाकडे मिळतील? माप लिहितो: १६५ आर १३, भार पेलणारे हवेत, कारचे नकोत.